चोवीस तासांची बाई झोपते कधी?

अण्णानं कट्ट्यावर बूड टेकायच्या आधीच जाहीर केलं, "आईसाठी चोवीस तासांची बाई बघतोय. विश्वासू पाहिजे. कुणाच्या ओळखीत असली तर सांगा."

आमच्याकडे एका प्रश्नाला चार उत्तरं मिळतात आणि त्यातलं एकही विचारलेल्या प्रश्नाचं नसतं. पहिला बोलला बाळ्या, जो एरवी मोबाइलमधून मान वर काढत नाही.

"अण्णा, ती झोपणार कधी?"

"कोण?"

"तुमची चोवीस तासांची बाई."

"रात्री झोपेल की आईच्या खोलीत."

"आजी रात्री किती वेळा उठतात?"

अण्णानं मनात मोजलं. तीनदा तरी. कधी चारदा.

इथं सांगून ठेवायला हवं की बाळ्याची आई हेच काम करते. म्हाताऱ्या माणसांची दिवसपाळी, रातपाळी, जे मिळेल ते. त्यामुळे वयानं सगळ्यांत लहान असूनही या विषयात त्याचा आवाज चढलेला असतो. "म्हणजे चारदा उठायचं, हात धरून न्यायचं, आणून झोपवायचं आणि सकाळी ताजंतवानं होऊन अंघोळीला लागायचं. दुसऱ्या आठवड्यात तीच बाथरूमच्या दारात पेंगायला लागेल. आजी पडल्या की मग सगळे म्हणणार, बाई निष्काळजी."

वकिलांना असा आयता धागा मिळाला की ते सोडत नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 2011 साली घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार केला, तो 2013 पासून लागू आहे. आठवड्याला सलग चोवीस तास तरी सुट्टी हवी, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. सुट्टीच्या वेळात तिनं मालकाच्या घरातच थांबलं पाहिजे, अशी सक्ती करता येत नाही. "आता तू म्हणशील आपल्याकडे हे बंधनकारक आहे का. करार मंजूर केला त्या देशांवर बंधन, बाकी ठिकाणी त्या त्या देशाचा कायदा. पण अण्णा, झोपेला कायदा कशाला लागतो?"

"म्हणजे दोन बायका ठेवू? पैसे झाडाला लागलेत?"

"आधी एक तरी कशासाठी ठेवतोयस ते सांग," सिस्टर म्हणाल्या. सिस्टर निवृत्त झाल्या तरी आवाज अजून वॉर्डातलाच आहे.

"आईला सांभाळायला."

"सांभाळायला म्हणजे काय करायला?"

अण्णा गप्प. माझ्या मते सगळा घोळ इथंच असतो. घरोघरी शोध सुरू होतो तो माणसाचा. काम काय आहे हे कुणी बघितलेलंच नसतं. मग येणाऱ्या बाईला पहिल्या दिवशी म्हणतात, 'फार काही नाही हो, नुसतं लक्ष ठेवायचं,' आणि पंधरा दिवसांत तिच्याकडे म्हातारीबरोबर भांडी, कपडे आणि नातवाचा अभ्यासही आलेला असतो.

सिस्टरांनी बोटं मोजली. सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1963 साली एक मोजपट्टी मांडली, ती अजून जगभर वापरतात. सहा कामं: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवणं. यातलं माणूस स्वतःचं स्वतः काय करतो, एवढंच बघायचं. 1969 मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी दुसरी यादी केली, तिच्यात औषधं घेणं, फोन, खरेदी, पैशांचे व्यवहार असली कामं आहेत. "चार दिवस आईच्या मागं लाग आणि वहीत लिही. काय जमतं, काय अर्धं जमतं, काय जमत नाही, आणि कुठल्या वेळी. बाईचे तास त्या वहीतून निघतील."

"आई जेवते हातानं. कपडे घालते, वेळ लागतो पण घालते. अंघोळीचं म्हणाल तर..." अण्णा जरा अडखळला. "घसरते. पण कुणाला आत येऊ देत नाही."

"देणार नाहीच. कॅट्झनं हेही लिहून ठेवलंय की यातल्या गोष्टी साधारण एका क्रमानं सुटत जातात. अंघोळ सगळ्यांत आधी, हातानं जेवणं सगळ्यांत शेवटी. म्हणजे बघ, अनोळखी माणसाची मदत पहिल्यांदा लागते तीच नेमकी कपडे उतरवायच्या ठिकाणी. जन्मभर जिनं दार लावून अंघोळ केली ती पहिल्या दिवशी परक्या बाईपुढे कशी बसेल? आरडाओरडा होतो, बाईला वाटतं म्हातारी खडूस आहे, आणि तुला वाटतं बाईला काम येत नाही."

मग त्या खुलासेवार सांगत बसल्या, आणि कट्ट्यावर इतकी शांतता मी फार दिवसांनी पाहिली. पहिले काही दिवस बाईनं अंघोळीच्या वाटेला जायचंच नाही. सोबत बसायचं, केस विंचरायचे, चपला पुढं करायच्या. मग पाठ चोळण्यापुरतं आत. बसायला स्टूल, अंगावर टॉवेल, आणि जे आजींना स्वतः धुता येतं ते त्यांनीच धुवायचं. घाई करणारी बाई कितीही अनुभवी असली तरी उपयोगाची नाही. शिवाय पलंगावरून उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. माणूस आधी कडेला मिनिट-दोन मिनिटं बसू द्यायचा, कारण उठल्याबरोबर रक्तदाब उतरला की भोवळ येते.

"जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात वर्षाला 6 लाख 84 हजार माणसं पडून दगावतात," वकील म्हणाले, "आणि सगळ्यांत जास्त साठीच्या पुढची."

मास्तर इतका वेळ काठीशी चाळा करत होते. "एक विचारू का? हे सगळं बाहेरच्या बाईनंच का करायचं? ज्या आईनं तुझं सगळं केलं..."

"मास्तर, घरच्यांनी म्हणजे कुणी करायचं?" सिस्टरांनी मध्येच तोडलं. "अण्णा आईला अंघोळ घालणार आहे का? नाही. त्याची बायको घालणार. नोकरी करून. तुमच्या मातोश्रींचं कुणी केलं?"

मास्तरांनी काठी दुसऱ्या बाजूला टेकवली. त्यांच्या मातोश्रींचं मास्तरीणबाईंनी केलं, सात वर्षं, आणि ते कट्ट्यावर सगळ्यांना माहीत आहे. तरी मास्तरांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, तो त्यांनी नंतर नीट मांडला: बाई आली की घरातली माणसं आईच्या खोलीत जायची बंद होतात. हे मीही पाहिलंय. मदत आली याचा अर्थ पलंगाशी बसायला आता आपल्याला वेळ झाला, असा व्हायला हवा. होतो नेमका उलटा.

मग गाडी आली अशा बायका पुरवणाऱ्या ब्युरोवर. अण्णाला ब्युरो नको होता. कमिशन जातं, रोज नवा चेहरा येतो. त्याला ओळखीतलं माणूस हवं.

"ओळखीतलं का हवं ते मला ठाऊक आहे," बाळ्या म्हणाला. "ओळखीत सुट्टी मागता येत नाही. पगार वाढवा म्हणता येत नाही. माझ्या आईनं एका घरी ओळखीतून काम धरलं होतं, सणासुदीलासुद्धा 'तू घरचीच आहेस' म्हणून थांबवून घ्यायचे."

ब्युरोची बाजू सिस्टरांनी घेतली, पण अर्धीच. बाई आजारी पडली तर बदली देणार का, हे आधी लिहून घ्यायचं. तेवढंही देत नसतील तर कमिशन कशाचं? पाठवलेली बाई शिकलेली म्हणजे काय शिकलेली, तेही विचारायचं. अटेंडंट वेगळी आणि नर्स वेगळी. इंजेक्शन, नाकातली नळी, लघवीची पिशवी बदलणं हे अटेंडंटच्या गळ्यात घालायचं नाही, ती 'येतं मला' म्हणाली तरी. औषधं घरच्यांनी आठवड्याच्या डबीत भरून ठेवायची, तिनं वेळेवर हातात द्यायची आणि वहीत टिंब करायचं. त्याच वहीत जेवण किती गेलं, पोट साफ झालं का, रात्री कितीदा उठल्या.

"मुलाखतीत काय विचारू?"

"अनुभव किती हे विचारू नकोस, सगळ्या दहा वर्षं सांगतात. विचार की, आई अंघोळीला नाही म्हणाली तर काय कराल? आई पडली आणि घरात कुणी नसलं तर आधी काय कराल? जी लगेच 'उचलून पलंगावर ठेवीन' म्हणेल तिला नीट समजावून सांगायला लागेल. आणि आधीच्या घरी फोन कर. तिला पुन्हा ठेवाल का, एवढं एकच विचार आणि समोरचा किती वेळ थांबतो ते ऐक."

"आधीचं काम का सोडलं, हेही विचारीन."

"बहुतेक वेळा माणूस गेलेला असतो," बाळ्या म्हणाला. "ज्या दिवशी माणूस जातो त्याच दिवशी आमच्या घरचा पगार बंद होतो. तीन वर्षं ज्यांना भरवलं त्या आजी सकाळी गेल्या, दुपारी आईला सांगितलं, उद्यापासून नको. महिन्याचा पगार तरी द्यायचा ना? तुम्ही कागद करणार असाल तर हे त्यात लिहा."

वकिलांनी खिशातून पेन काढलं. खरंच. कामं, तास, सुट्टीचा वार, पगाराची तारीख, झोपायची जागा, आणि हे महिन्याभराचं.

"तिचं मूळ ओळखपत्र मी ठेवून घेईन," अण्णा म्हणाला.

"मुळीच नाही. झेरॉक्स घे, ओळख पडताळून घे, मूळ कागद तिच्याकडेच राहणार. घरकामगारांच्या त्या 189 क्रमांकाच्या करारात हेही आहे."

"आणि चोरी झाली तर?"

बाळ्या उठलाच. त्याच्या आईवर एकदा अंगठीचा आळ आला होता. अंगठी नंतर उशीच्या अभ्र्यात सापडली. आजींनीच ठेवली होती. स्मृतिभ्रंशात वस्तू लपवणं, विसरणं आणि मग जवळच्या माणसावर चोरीचा आळ घेणं नेहमीचं असतं, हे सिस्टरांनी सांगितलं, पण बाळ्याला ते समजुतीचं बोलणं नको होतं. त्याचं म्हणणं एवढंच की दागिने काम सुरू व्हायच्या आधी कुलपात ठेवा, वरखर्चाचे पैसे वेगळ्या पाकिटात द्या, पावत्या घ्या. मग दोघंही सुटतात.

कॅमेऱ्यावर मात्र एकमत झालं नाही, आणि होईलसं वाटतही नाही. वकिलांचा आकडा असा की साठीवरच्या दर सहा माणसांतल्या एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या छळाला तोंड द्यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, आणि त्यात दुर्लक्ष करणंही मोजलंय. मग कॅमेरा नको का? सिस्टर म्हणाल्या, बैठकीत लाव, बाईला सांगून लाव. झोपायच्या खोलीत लावायचा तर आधी आईला विचार, कपडे तिचे बदलले जातात. अण्णाला वाटत होतं आईला कशाला विचारायचं, ती नाहीच म्हणेल. मला विचाराल तर अचानक, वेळ बदलून घरी जाणारा मुलगा कॅमेऱ्यापेक्षा बरा. पण हे दूर राहणाऱ्या लेकरांना कसं जमणार, असं मास्तर म्हणाले, आणि त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

"तू आईला एकदा तरी विचारलंयस का?" सिस्टरांनी शेवटी विचारलं.

नव्हतं विचारलं. सगळ्यांनी मिळून त्याला तिथूनच फोन लावायला लावला. स्पीकर नको म्हणाला, पण आजींचा आवाज तसाही लांबून ऐकू येतो. रात्रीची सोबत चालेल. बडबडी नको. अंघोळ माझी मी करीन.

"झालं! जिथं गरज तिथंच नकार," मास्तर म्हणाले.

"नकार कुठाय? सोबत चालेल म्हणाली की. रातपाळीची ठरव, सकाळी जाताना अंघोळीच्या वेळी तासभर दाराबाहेर थांबेल," सिस्टर म्हणाल्या. "भिंतीला धरायला दांडी बसव. टॉवेलची नव्हे, वजन पेलणारी. खाली न घसरणारी चटई. आणि आतली कडी काढून टाक."

"कडी काढली तर आई माझ्याशी बोलायची नाही."

मग कडीवरून वाजलं. मास्तर म्हणत होते माणसाला कडी लावायचा हक्क आहे, वकील म्हणत होते बाहेरून उघडणारं कुलूप मिळतं, बाळ्या म्हणत होता त्याची आई दाराबाहेरून सारखी बोलत राहते, आतून उत्तर थांबलं की ढकलते. हे चालू असताना अण्णा दांडीसाठी भिंतीचं माप घ्यायला घरी निघूनही गेला.