काका, तो नारळ आमच्या माडाचा आहे

परवा सकाळी सहाच्या सुमारास, तोंडात राखुंडी आणि कमरेला पंचा अशा अवस्थेत मी माझ्या स्वतःच्या खळ्यात उभा असताना शेजारच्या बंद घराची भिंत माझ्याशी बोलली. "काका, तो नारळ आमच्या माडाचा आहे हां," असे तिने मला, चेष्टेच्या सुरात का होईना, स्पष्ट बजावले. ज्या घराला शिमग्यापासून कुलूप आहे आणि ज्याच्या कौलांवर दिवसभर वानरे नाचतात, त्या घराला आता डोळा आहे, कान आहे आणि तोंडही आहे. नाहीत ती फक्त माणसे.

नारळाबद्दलची वस्तुस्थिती एकदा नोंदवून ठेवतो. माड त्यांचा, हे मान्य आहे. तो माझ्या वडिलांच्या काळापासून गडग्यावरून आमच्या बाजूला कललेला आहे आणि त्याच्या झावळ्या पडून दर वर्षी माझी दोन-चार कौले फुटतात, त्याचे चित्रण मात्र आजवर कोणी मला पाठवलेले नाही. नारळ रात्री माझ्या खळ्यात पडला. सकाळी तो मी उचलला, कानाशी धरून हलवून पाहिला (हलवून कोण पाहत नाही?) आणि गडग्यावर नेऊन ठेवणार होतो. मी तो ठेवणारच होतो. पण भिंत बोलल्यावर तो माझ्या हातून निसटला, राखुंडीचे पाणी छातीवर ओघळले आणि मी नको त्या दिशेला, म्हणजे थेट कॅमेऱ्याकडे, तोंड उघडे टाकून पाहत राहिलो. ही सतरा सेकंदांची चित्रफीत सात वाजेपर्यंत वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर पोहोचली होती. खाली ओळ होती, "आमचे दक्ष काका." दुबईहून कोणीतरी हसण्याची अकरा तोंडे पाठवली. आठ वाजता पुण्याहून मुलीचा फोन आला आणि तिने माझी बाजू ऐकण्याआधीच विचारले, "बाबा, निदान गंजीफ्रॉक तरी घालायचा ना?"

शेजारच्या घराचा मालक डोंबिवलीला असतो आणि भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून तिथूनच पाहतो नि बोलतो. मी त्याला फोन केला. माझ्या अंगाखांद्यावर खेळलेला हा मुलगा मला समजावण्याच्या सुरात म्हणाला, "काका, सुरक्षा महत्त्वाची. आपला किनारा आहे, कधी काय होईल सांगता येत नाही." किनाऱ्याची गोष्ट त्याने मला सांगावी! १९९३ साली मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचे आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला उतरले, ते कॅमेरे नव्हते म्हणून उतरले नाही. ज्यांनी पाहायचे त्या कस्टम आणि पोलिसांतल्या काहींनी डोळे मिटण्याचे पैसे घेतले होते आणि न्यायालयाने पुढे त्यांना शिक्षाही ठोठावली. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ बंदुका असलेली रिकामी नौका लागली, तीही किनाऱ्यावरच्या साध्या माणसांनीच पाहून कळवली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मच्छीमारांना ठशांची ओळखपत्रे दिली गेली. बंदरावरचा माझा मित्र समुद्रात कोणी विचारले की ते कुरकुर न करता दाखवतो, कारण विचारणारा कोण आणि कशासाठी विचारतो हे त्याला समोर दिसते. यांच्या कॅमेऱ्याची तर समुद्राकडे पाठ आहे. अतिरेकी माझ्या न्हाणीतून येणार असतील, तरच तो कॅमेरा देशाच्या कामी येईल.

चौकीवर गेलो, तर "त्यांच्या भिंतीवर त्यांचा कॅमेरा, आम्ही काय करणार?" असे उत्तर मिळाले. मग रागाच्या भरात मी कायदे वाचायला बसलो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले आहे की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि तो घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्कातच सामावलेला आहे. ज्यांच्या याचिकेवर हा निकाल आला ते पुट्टस्वामी स्वतः निवृत्त न्यायमूर्ती होते आणि ऐंशी उलटल्यावर त्यांनी ही याचिका केली होती, हे वाचून मला फार बळ आले. ते बळ २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यापर्यंत टिकले. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला तो कायदा लागूच नाही. माझे खळे हे डोंबिवलीचे घरगुती कारण कधीपासून झाले? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमात संमतीशिवाय गुप्तांगांचे चित्रण करणे हा गुन्हा आहे खरा, परंतु त्यासाठी माझा पंचा सुटायला हवा होता.

आणि हे काही एकट्या कॅमेऱ्याचे दुखणे नाही. तालुक्याच्या गावी एक किलो तांदूळ घेतला तरी दुकानदार आधी मोबाइल क्रमांक विचारतो आणि मग पिशवी काढतो. कोल्हापूरला ज्या लॉजवर एक रात्र काढली, तिथे माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स उघड्या खणात कोंबून ठेवलेली मी या डोळ्यांनी पाहिली. मागच्या पावसाळ्यात एस.टी. स्थानकाबाहेर घेतलेल्या शेंगदाण्यांच्या पुडीवर एका अनोळखी गृहस्थांचा फोटो, पत्ता आणि जन्मतारीख होती. दाणे खवट होते.

पूर्वी वाडीवर नजर ठेवायला वरच्या घरातली आत्या पुरेशी होती. ती पडवीत बसून पाखाडीवरून जाणाऱ्या प्रत्येकाला "कुठे चाललात?" असे विचारायची, आणि ते मला तेव्हाही आवडत नसे. पण तिला "जरा खालच्या वाडीत" असे खोटे सांगून सुटता येत होते, तिला दुपारी झोप लागत होती, आणि मुख्य म्हणजे तिची बारीकसारीक गुपिते आम्हालाही ठाऊक होती.

इथवर लिहून झाल्यावर हिने मला मे महिन्याची आठवण करून दिली, आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. माझ्या कलमावरचे आंबे रोज कमी होत होते तेव्हा मीच डोंबिवलीला फोन करून चार दिवसांचे चित्रण मागवले होते. चोर वानरे निघाली, हे पहिल्या दहा मिनिटांतच कळले. तरीही मी दोन तास पाहत बसलो होतो. कोण कोणाकडे किती वाजता गेले, कोणाच्या हातात कसली पिशवी होती, याच्या बारीक नोंदी मी जेवताना हिला पुरवल्या होत्या. "तेव्हा नाही आठवला तो तुमचा एकविसावा अनुच्छेद?" असे ही म्हणाली, आणि त्यावर मला अजून उत्तर सुचलेले नाही. आत्याचा भाचा शोभतो, एवढेच.

नारळ गडग्यावर तसाच ठेवला आहे. काल रात्री पुन्हा डोंबिवलीचा फोन आला. माफी मागेल म्हणून मी आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवला, तर तो म्हणाला, "काका, कॅमेऱ्यावर कोळ्याने जाळे केले आहे, रात्रीचे काहीच दिसत नाही. जरा झाडून घ्याल का? तुमची लांब काठी पडवीत उजव्या कोपऱ्यात आहे, इरल्याच्या मागे."

काठी तिथेच होती.