गिरणगावात मॉलआधी काय होते?

मुंबईतल्या लोअर परळच्या मॉलचे आणि काचेच्या टॉवरचे छायाचित्र असलेला एक मजकूर मोबाइलवर पुन्हा पुन्हा फिरतो. १९८२ च्या संपानंतर कापड गिरण्यांची जमीन पडीक होती, तिथे पाहण्यासारखे वा विकत घेण्यासारखे काही नव्हते, मॉल आले म्हणून या भागाला रोजगार, सोयी आणि गिऱ्हाईक मिळाले, आता लालबागच्या गल्ल्यांचाही असाच कायापालट व्हावा, असा त्याचा आशय आहे. गिरणगावातली, म्हणजे या जुन्या गिरण्यांच्या भागातली, तरुण मुलेही तो पुढे पाठवतात, म्हणून त्यातले एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

इथे काही नव्हते, हे विधान सर्वांत अन्यायकारक आहे. भायखळ्याच्या राणीबागेतले भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासूनचे, परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ सालचे. लालबागच्या राजाची कथा तर थेट बाजाराची आहे. पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद झाला, उघड्यावर बसण्याची वेळ आलेल्या कोळी आणि इतर विक्रेत्यांनी हक्काच्या बाजारासाठी नवस बोलला, जागा मिळाली आणि १९३४ मध्ये गणपती बसला. आज ज्याच्या दर्शनाला तासन्‌तास रांग लागते, ते दैवत लहान विक्रेत्यांच्या गरजेतून आले आहे.

खरेदीचे म्हणाल तर उन्हाळ्यात लालबागच्या मसाला गल्लीत उभे राहून पाहावे. घरची बाई बेडगी, काश्मिरी आणि संकेश्वरी मिरचीचे प्रमाण स्वतः सांगते, धणे, खोबरे, दगडफूल वेगवेगळे भाजून घेते. डंकावर, म्हणजे मसाला कुटण्याच्या यंत्रावर, मिरची पडली की गल्लीत शिरणारा प्रत्येक जण शिंकतो आणि डोळे पुसतो. ती मात्र तोंडाला पदर लावून तिथेच उभी राहते, कारण आपलीच मिरची आपल्याच डब्यात येते आहे ना, याची तिला खात्री करायची असते. शेजारीच चिवडा गल्ली आहे. या दुकानांना गिऱ्हाईक मॉलने आणून दिलेले नाही.

जमीन पडीक होती, हेही अर्धसत्य आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद होत गेली, हे खरे. परंतु १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेकडे घरांसाठी आणि उरलेला मालकाकडे, अशी वाटणी ठरवली होती. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी केवळ गिरणीच्या आवारातील आधीच रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. मॉल जिथे उभे आहेत त्या परिसरात मैदाने आणि परवडणारी घरे कितीतरी अधिक होऊ शकली असती, हे त्या छायाचित्रात दिसत नाही.

रोजगार आला, हे मी नाकारत नाही. चाळीतली मुले-मुली त्या दुकानांत काम करतात आणि सुट्टीच्या दिवशी तिथे हौसेने फिरतातही. पण ज्यांची नोकरी गेली त्या साचेवाल्यांना, म्हणजे मागावर काम करणाऱ्या कामगारांना, ती परत मिळाली नाही. घरासाठी दीड लाखाहून अधिक कामगारांनी व वारसांनी अर्ज केले आणि त्यांतले बहुसंख्य सोडतीची वाट पाहत म्हातारे झाले.

सोयींबद्दल थोडक्यात सांगता येते. हजारो कर्मचाऱ्यांची कार्यालये आली, पण स्थानके आणि गल्ल्या गिरण्यांच्या काळातल्याच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील आगीत १४.

राहिला लालबागच्या कायापालटाचा प्रश्न. इमारती जुन्या झाल्या आहेत आणि पुनर्विकास लागणारच आहे. मात्र तळमजल्यावरचे गाळे आजच्याच दुकानदारांना मिळतील, डंक आणि भाजणीची भट्टी यांना नव्या आराखड्यात जागा राहील, हे नकाशा मंजूर होण्यापूर्वी करारात लिहून घ्यावे. १९९१ चा नियम तर सरकारी पुस्तकात छापलेला होता, तरी तो दहा वर्षांत बदलला.