करडी नजर

मोटारसायकलच्या हेडलाइटसाठी फायबरचे व्हायझर घरी करावयाचे म्हटले, की आधी हुबेहूब व्हायझरसारखी दिसणारी एक वस्तू घडवावी लागते. तिला प्लग म्हणतात. प्लगवरून साचा निघतो आणि साच्यातून व्हायझर. "अहो, म्हणजे गच्चीत बसून रोज जे घासता, ते गाडीला लागणारच नाही?" असे पत्नीने विचारले, तेव्हा साचा सुटताना प्लग बहुधा तुटतोही, ही माहिती मी दडवून ठेवली.

प्लायवूडच्या फासळ्या, मधे पीयू (पॉलियुरेथेन) फोम (थर्मोकोल स्वस्त पडते, पण पॉलिएस्टर रेझिनमधले स्टायरीन ते गिळून टाकते), त्यावर रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंच्या चटईचे दोन थर आणि वर लांबी, म्हणजे खाचखळगे बुजवणारा लगदा, एवढे झाले की प्लग फार देखणा दिसू लागतो. लांबीच्या निरनिराळ्या छटांच्या ठिगळांत नजर अशी गुंतते, की उंचसखलपणाकडे लक्षच जात नाही. सरफेस प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, पहिला हात मारला, की मात्र सगळे अंग एकाच राखाडी रंगाचे होते आणि मुलगी पाहायला आलेल्या आत्याबाईंच्या तोडीची चिकित्सा सुरू होते. लांबी कालवताना तीत अडकलेल्या हवेची सुईच्या अग्राएवढी छिद्रे, जाड पॉलिशपेपरचे जुने ओरखडे, डाव्या गालावरचा खळगा, सारे चव्हाट्यावर येते.

"साहेब, प्रायमर खड्डे बुजवायला नसतो, दाखवायला असतो," असे आमच्या गल्लीतल्या डेंटिंग-पेंटिंगच्या मिस्त्रींनी सुनावले. हार्डनर (घट्ट करणारे रसायन) घालावयाचाच प्रायमर वापरा, हाही हुकूम त्यांचाच. कारण साध्या प्रायमरवर जेलकोट, म्हणजे साचा करताना प्लगवर चढणारा रेझिनचा पहिला थर, चढवला, तर त्यातले स्टायरीन प्रायमरला उचलते आणि सुरकुत्या थेट साच्यात उतरतात.

प्रायमर वाळल्यावर त्यावर काळ्या स्प्रेचा विरळ शिडकावा करावयाचा आणि ठोकळ्याला ३२० नंबरचा पाणीपेपर (पाणी लावून घासावयाचा पॉलिशपेपर) गुंडाळून घासावयाचे. उंचवट्यावरचा काळा निघून जातो, खड्ड्यातला तसाच राहतो. नुसत्या बोटांनी घासण्याचा मोह आवरावा, कारण बोटांच्या पन्हळी उमटतात आणि त्या दिवसाउजेडी दिसत नाहीत. रात्री ट्यूबलाइट आडवी धरली, की दिसतात. खड्ड्यात पातळ पुट्टी ब्लेडने दाबून भरावी, पुन्हा प्रायमर, पुन्हा काळा शिडकावा. शेवटी कडेची धार जरा जास्त घासली जाते, खालची लांबी डोकावते आणि आपण पुन्हा ३२० वर येतो. ६०० आणि १००० नंबरचे आणखी बारीक कागद दुकानदाराने मला विकले आहेत खरे, पण त्यांची घडी मोडण्याचा योग कधी येईल, हे पंचांगातही सापडणार नाही.

अशात परवा संध्याकाळी प्रायमरच्या सर्वांत सुरेख बसलेल्या ओल्या हातावर एक डास उतरला आणि सहाही पाय रोवून तिथेच स्थिरावला. चिमट्याने त्याला उचलले, तेव्हा तो वर आला, पाय खाली राहिले. जेलकोट केसाएवढी रेघही इमानाने टिपतो, तेव्हा साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक व्हायझरवर हे सहा पाय उमटणार, हे उघड होते. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ निरखले आणि म्हणाले, "राहू द्या साहेब. उद्या कोणी नक्कल केली, तर आपला माल ओळखता येईल."