‘उन्हात बसवा’ म्हणणाऱ्या वाचकास

मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार) आणि उष्णता-उपचार या माझ्या लेखाखाली परवा आलेली प्रतिक्रिया अशी: “नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. मग पेशंटला उन्हात बसवा, झालं! लोकांना खोटी आशा दाखवू नका. रिटोसांचं साल चुकलंय. अरिमोक्लोमोल तर २०२१ मध्येच फेल झालं.”

सालाचं मान्य. उष्णतेला पेशी कसा प्रतिसाद देते हे पहिल्यांदा टिपणाऱ्या रिटोसा या शास्त्रज्ञांचा फळमाश्यांवरचा तो निबंध १९६२ चा, मी १९६५ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

पण “उन्हात बसवा” हे कुठल्या तोंडानं लिहिलंत? हवा ४५ अंश झाली म्हणून शरीर ४५ होत नाही. घाम सुटतो, रक्त कातडीकडे धावतं, आतलं तापमान ३७ च्या आसपास टिकतं. मी पेशीबद्दल लिहिलं होतं. पेशीला नेहमीपेक्षा काही अंश जास्त ताप सोसावा लागला की ती हीट शॉक प्रथिनं बनवते. घडी बिघडलेली प्रथिनं सावरणं, नाहीतर मोडीत काढायला पाठवणं, हे त्यांचं काम. आणि या आजारात बहुतेक रुग्णांच्या मोटर न्यूरॉनमध्ये टीडीपी-४३ या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. म्हणून मोजूनमापून दिलेल्या उष्णतेचा विचार करावासा वाटतो. घरी शेक द्या, असं मी एका ओळीतही म्हटलेलं नाही. लेख पूर्ण वाचलात तरी का?

माझ्या आईला हा आजार होता. शेवटच्या उन्हाळ्यात कूलरसमोर तिची खाट होती. मान सावरत नव्हती, पाणी घोटताना ठसका लागायचा. गालावर माशी बसली तर ती डोळ्यांनी मला बोलवायची, कारण हात उचलत नव्हता. तिला उन्हात बसवायचं होतं का मी? रिलुझोल हे या आजारावरचं औषध चालू होतं. त्यानं सरासरी दोन-तीन महिनेच जास्त मिळतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खोटी आशा म्हणजे काय, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

अरिमोक्लोमोल ही हीट शॉक प्रथिनं वाढवण्यासाठी या आजारात तपासलेली गोळी होती. माझा लेख गोळीवर नव्हता, तो विषय इथे नको.

माझ्या चुका खुशाल काढा, तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. पण पेशंटबद्दल हे असं पुन्हा इथे लिहू नका. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी आत्ता तशी खाट आहे.