डास पाळा, कुणी नाही म्हणणार नाही

मुलांनो, कुत्रा आणू का विचारलं की आई भडकते, मांजराचे केस बाबांना चालत नाहीत, मग डास पाळा की, खर्च शून्य आणि फिरवायला न्यायची कटकट नाही. पाळायचाच तर डेंग्यूवाला पाळा, एडिस इजिप्ती, पायावर पांढरे पट्टे, दिसायला एकदम स्मार्ट. याचे नखरे पण भारी, गटार नको, स्वच्छ साठलेलं पाणी हवं, त्यामुळे "आमच्याकडे कुठेय घाण" म्हणणारी घरं त्याला जाम आवडतात.

फ्रिजच्या मागे खाली एक ट्रे असतो, फ्रिज आल्यापासून तो कुणी बघितलेला नसतो, तुम्ही पण बघू नका. बघितलाच तर मोबाईलचा टॉर्च मारा, स्वल्पविरामाएवढं काहीतरी वळवळत असेल, डोकं खाली शेपूट वर, कारण श्वास शेपटीकडून चालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस, म्हणून पाणी पंधरा दिवसांनीच बदला, ते आठवड्यातून एक कोरडा दिवस वगैरे रिकामटेकड्यांचं काम. कुणी मधेच ओतलं तरी रडू नका, अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, पाणी लागलं की परत सुरू. फक्त घासू नका हां, घासणीने सगळी मेहनत वाया जाते.

खाणं? रक्त फक्त मादीला लागतं, तेही अंड्यांसाठी, आणि ती दिवसा चावते, जास्त करून सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी. म्हणजे मच्छरदाणी रात्री लावायची आणि दिवसा हाफ पँटमध्ये खेळायचं, असं दोघांचंही जमतं. (शाळेचा युनिफॉर्म बहुतेक तिलाच विचारून ठरवलाय.)

मग ताप येईल, डोळ्यांच्या मागे ठणकेल, हाडं मोडल्यासारखी वाटतील. डॉक्टर म्हणतील फक्त पॅरासिटामॉल द्या, अ‍ॅस्पिरिन-आयब्युप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो, पण त्यांना काय कळतं, काका व्हॉट्सअ‍ॅपवर पपईच्या पानाचा रस पाठवतायत ना. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला की लगेच क्लासला पळा. पोटात जोरात दुखणं, सारख्या उल्ट्या, हिरड्यांतून रक्त, खरा धोका याच दिवसांत असतो म्हणे, पण युनिट टेस्ट बुडली तर? आणि एकदा झाला म्हणजे सुटलात असं नाही, डेंग्यूच्या व्हायरसचे चार प्रकार आहेत, दुसऱ्या वेळी जास्त जड जाऊ शकतो. कलेक्शन करायला घ्या.

आमच्याकडे तपासणीवाल्या ताई आल्या होत्या, मी दार अर्धंच उघडून सांगितलं, आमच्यात नसतं असलं काही. त्यांनी माझ्या खांद्यावरून हॉलमध्ये बघितलं, टीव्हीशेजारी मनी प्लांटची बाटली, काचेची, त्यामुळे अळ्या बाहेरूनच मोजता येत होत्या. ताईंनी अकरा मोजल्या. मी तोपर्यंत त्यांना चहा विचारत होतो.