समुद्रावरच्या पांढऱ्या रेघा: विमानं नव्हे, जहाजं

कॅलिफोर्नियाच्या पश्चिमेला पॅसिफिकवर ढगांची चादर आणि तिच्यावर ओरबाडल्यासारख्या पांढऱ्या रेघा, असा उपग्रहाचा एक फोटो फिरतोय. फोटोखालचा दावा असा की सूर्य झाकायला विमानं गुपचूप रसायन फवारताहेत आणि हे हल्लीच सुरू झालंय. फोटो खरा आहे, पण रेघा जहाजांच्या आहेत.

‘हल्लीच’ म्हणाल, तर टायरोस या अमेरिकी हवामान उपग्रहांच्या चित्रांवरून या रेघांची नोंद १९६६ सालीच छापली गेली.

विमानामागची शेपटी ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, बर्फकणांची. या रेघा पाण्याच्या थेंबांच्या, बहुधा किलोमीटरभराच्या आतल्या ढगात असतात.

रेघ म्हणजे नुसता धूर, हाही गैरसमजच. जड इंधनातला गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, त्यातून सल्फेटचे कण. ढगातलं पाणी या जादा कणांवर वाटलं जातं: पाणी तेवढंच, थेंब जास्त आणि बारीक. खडीसाखर कुटून पिठी केली की तीच साखर पांढरीशुभ्र दिसते ना, तसंच.

‘जहाजं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या ट्रॅकिंगच्या नकाशात रेघेच्या टोकाशी जहाजच नाही’ हा आक्षेप जरा अभ्यासू वाटतो. पण धूर ढगापर्यंत चढून थेंब बदलायला अर्धा तास लागला, तर २० नॉटचं (ताशी सुमारे ३७ किलोमीटर) जहाज तेवढ्यात १८ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. वारा रेघ बाजूला ढकलतो तो वेगळाच. ट्रॅकिंगचा नकाशा जसाच्या तसा फोटोवर ठेवला, तर चुकणारच. अरुंद टोक जहाजाकडचं, पसरलेलं टोक जुनं.

मग मुंबईसमोर एवढी जहाजं असून रेघा का नाहीत? त्यांना सखल, पातळ, सलग ढग आणि स्वच्छ हवा लागते. कॅलिफोर्निया, पेरू, नामिबियासमोर ती मिळते. आपल्याकडे पावसाळी ढग उंच, उलथापालथीचे. एरवी आभाळ बरेचदा मोकळं, आणि जमिनीवरून आलेली हवा आधीच कणांनी भरलेली. त्यात जहाजाची भर कोण मोजतंय!

१ जानेवारी २०२० पासून जहाजी इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ वर आली. दिवसाला ५० टन तेल जाळणाऱ्या जहाजाचा सल्फर डायऑक्साइड ३.५ टनांवरून अर्ध्या टनावर. धूर धुणारे स्क्रबर बसवलेल्यांना जुनं, जास्त गंधकाचं तेल चालतं, तरीही त्यानंतर उपग्रहचित्रांत रेघा ठळकपणे घटल्या. नियम फक्त जहाजांना लागू होता. विमानांचं इंधन होतं तेच राहिलं.