आधी हातोडी, मग एमआरआय

'हातपायांना मुंग्या येतात, तोल जातो? डॉक्टरांकडे चकरा मारू नका. थेट डोक्याचा आणि कमरेचा एमआरआय करा, त्यात सगळं दिसतं. नॉर्मल आला तर आजार नाही, टेन्शन आहे. न्यूरोवाल्यांकडे गेलात तर ऑपरेशनच सांगतील.' हा मेसेज महिन्याभरात मला तीन ग्रुपवर आला. पाठवणाऱ्यांत माझा आतेभाऊही आहे. त्याने काळजीपोटीच पाठवला, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

'त्यात सगळं दिसतं.' नाही. ज्या भागाचा एमआरआय काढाल, तेवढाच भाग दिसतो. माझ्या आईचे पाय जड झाले, चप्पल निसटली तरी कळेना. कमरेचा एमआरआय झाला. 'चौथ्या-पाचव्या मणक्यात गॅप, नस दबलीय.' पट्टा, ट्रॅक्शन, शेक यांत आठ महिने गेले. मग डोक्याचा एमआरआय काढला, तो वयाच्या मानाने ठीक. शेवटी एका न्यूरोलॉजिस्ट बाईंनी गुडघ्याखाली हातोडी मारली, तर पाय केवढ्याने उडाला! तळव्यावरून किल्ली ओढली, तर अंगठा वर गेला. मग त्यांनी विचारलं, "आजी, ब्लाऊजचे हुक स्वतः लावता का?" ते कित्येक महिने माझी बहीण लावून देत होती. आम्ही त्याला म्हातारपण समजून बसलो होतो.

मानेचा एमआरआय काढला. मज्जारज्जू तिथे दबला होता. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्याखाली नसांचा नुसता झुपका असतो. कमरेत नस दबली तर पाय ढिला पडतो आणि हातोडीचा झटका मंदावतो. आईचे पाय ताठ होते, झटके वाढलेले होते, म्हणजे बिघाड वर कुठेतरी होता. हुक लावता येत नव्हते, म्हणजे हातही बिघडले होते, म्हणून मानेचा संशय. हे कळायला दोन मिनिटं आणि एक हातोडी लागली. ऑपरेशनने पुढची घसरण थांबली, पण गेलेली ताकद सगळी परत आली नाही. ते आठ महिने मला अजून सलतात.

'नॉर्मल आला तर टेन्शन आहे.' हे वाक्य सगळ्यांत घातक. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते) साथ आली, ती आठवा. त्या आजारात कमजोरी पायांपासून वर चढते, झटके नाहीसे होतात, श्वासाचे स्नायूही थकू शकतात. डोक्याचा एमआरआय मात्र नॉर्मल येतो. निदान होतं ते तपासणीवरून, नसांच्या एनसीव्हीवरून (नसांतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) आणि पाठीतून काढलेल्या पाण्यावरून. एनसीव्हीसुद्धा पहिल्या काही दिवसांत नॉर्मल येऊ शकते. संध्याकाळी पापणी पडते, सकाळी ठीक असते, त्या मायस्थेनियातही (नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही तो आजार) मेंदूच्या फोटोत काही नसतं. फिट येणाऱ्याचा एमआरआय आणि ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) दोन्ही नॉर्मल असू शकतात. तिथे घरच्यांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ जास्त सांगून जातो. बी-१२ कमी असल्याच्या मुंग्या तर साध्या रक्ततपासणीत सापडतात, फक्त इंजेक्शनं घेण्याआधी रक्त द्या.

आणि ज्याला लोक 'मनाचं' म्हणतात, तो फंक्शनल विकारही (मेंदू-नसांची रचना ठीक, पण काम बिघडलेलं) रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ठरवत नाहीत. त्याच्याही ठरावीक खुणा असतात, त्या तपासताना दिसाव्या लागतात. तो खरा त्रास आहे, त्यावर उपचार आहेत.

'दोन्हीकडचे एमआरआय काढून ठेवा, नुकसान काय?' हा आतेभावाचा प्रश्न. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांच्या कमरेचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून जास्त लोकांत मणक्यांमधली गादी फुगलेली निघाली. आईचा 'गॅप' त्यातलाच होता. तो दिसला आणि सगळे त्याच्याच मागे लागले.

'न्यूरोवाले ऑपरेशन सांगतात.' न्यूरोलॉजिस्ट ऑपरेशन करतच नाहीत, ते न्यूरोसर्जन करतात. आधी चांगल्या फिजिशियनकडे जा, गरज वाटली तर ते न्यूरोलॉजिस्टकडे पाठवतील. आणि बधिर चट्टा असेल, कोपराशी नस जाड लागत असेल, तर कुष्ठरोग आहे का ते बघावं लागतं. ते हाताने तपासून कळतं आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

मेसेजमागची चीड मात्र खरी आहे. पेशंटला हात न लावता चिठ्ठी लिहिणारे आम्हालाही भेटले. म्हणून विचारायचं, "बिघाड कुठे वाटतो? हाच भाग का?" सोबत फक्त रिपोर्ट नाही, फिल्म किंवा सीडीही न्यायची. त्रास कधी सुरू झाला, कशाने वाढतो, काय करता येईनासं झालं, ते लिहून न्यायचं. हुकांची गोष्ट आम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती.

हे सगळं हळूहळू वाढणाऱ्या त्रासाबद्दल. तोंड अचानक वाकडं झालं, एक हात पडला, बोलणं अडखळलं, तर १०८ लावा. तिथे आधी सीटी स्कॅन होतो आणि गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. जीबीएससारखी कमजोरी वर चढत असेल, तरी एमआरआयच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.